नाड्या पुढे हव्यात

माझ्या ताईला हॉस्पिटलात सगळे पाठीमागे 'माहीतनाही सिस्टर' म्हणायचे. पाठीमागे कसलं, तोंडावरच म्हणायचे, आणि ती हसायची. मी तिथे असते तर एकेकीची जीभ हासडून हातात दिली असती. पण मी माझ्या दुकानात, शिलाई मशीनवर. आणि ताईचं म्हणणं काय, तर खरं आहे ते म्हणतात, त्यात रागवायचं कशाला!

आधी माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कोण मध्येच तोंड घालतेय. मी तिची धाकटी बहीण. कपडे शिवते. तोंडाने फटकळ, हाताने सफाईदार. 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडातून कधी कुणी ऐकले नव्हते. मी चुकते पुष्कळदा, पण चुकते तीसुद्धा ठामपणे. घरात मला तोफ म्हणतात. ताई माझ्याहून चांगली दहा-अकरा वर्षांनी मोठी, आणि स्वभाव असा की चपला घ्यायला गेली तर दुकानदाराला घाम फुटतो. शेवटी वैतागून मीच एक जोड उचलते, आणि घरी आल्यावर ही म्हणते, "त्या दुसऱ्या बऱ्या होत्या का गं?" लग्न केलं नाही तिने. का नाही केलं असं विचारलं तर ती काय उत्तर देते ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

पण एक सांगते. आमच्या घराण्यात डोक्यावर घेऊन नाचावं असं माणूस एकच झालं, आणि ते म्हणजे ताई. तिला हे सांगायला गेलं तर म्हणेल, "असं का वाटतं तुला?" म्हणून तिला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

ताई बायकांच्या हॉस्पिटलात नर्स. जन्मभर तिथेच. लांबलचक व्हरांडा, त्याच्या या टोकाला बाळंतपणाच्या खोल्या, आणि त्या टोकाला, कपड्यांच्या कपाटाच्या पलीकडे, एक छोटी खोली. पिशवी साफ करायची खोली. गर्भपात हा शब्द हॉस्पिटलातही कुणी मोठ्याने म्हणत नसे. 'छोट्या खोलीत आज दोघी आहेत' एवढंच म्हणायचे. सगळं राजरोस, कायद्यात बसणारं. तरी ज्या नर्सचं मन घेत नसेल तिने आत जायचं नाही, अशी मुभा होती.

तिथल्या मोठ्या सिस्टरनी त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. बाई सज्जन, कष्टाळू, पण या बाबतीत दगड. जीव तो जीव, बस. उलट डॉक्टरीणबाई. त्याही सज्जन, हाताला यश असलेल्या, पण त्यांच्या लेखी हा एक इलाज, जसा बाकीचा इलाज. या दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. आणि दोघींनाही खात्री होती की ताई आतून आपल्याच बाजूची आहे, फक्त भिडेपोटी बोलत नाही.

ताई कुणाच्याच बाजूची नव्हती. ती या टोकाला बाळं पुसायची आणि त्या टोकाला आत जायची. दोन्हीकडून हाक आली की उठायची.

मी एकदा विचारलंच, "ताई, तू त्या खोलीत जातेस म्हणजे तुला ते पटतं."

"कधी पटतं. कधी नाही पटत."

"नाही पटत तेव्हा कशाला जातेस?"

"अगं, आत ती बाई एकटी असते."

"पण मनात काय येतं तुझ्या? बरोबर की चूक?"

ती भांडी पुसत होती. एक पातेलं पुसून झालं, दुसरं घेतलं. मग म्हणाली, "माहीत नाही."

मला असा संताप आला! मी म्हटलं, "त्यात काय न कळण्यासारखं आहे? चुकीचा टाका पडला की उसवायचा. टाक्याला काय जीव असतो?" त्या वेळी माझं मत हे असं होतं, आणि ठाम होतं. ताईने पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "तुझ्यासारखं मला आलं असतं तर झोप चांगली लागली असती."

आता तिची काम करायची पद्धत सांगते. छोट्या खोलीत खाटेच्या उशाशी एक लोखंडी स्टूल असायचं. त्या स्टुलावर ताई. कधी पायाकडच्या बाजूला उभी राहिली नाही, ते काम दुसरीचं. मांडीवर शेकायची रबरी पिशवी, गरम पाणी भरलेली. ती पोट शेकायला नव्हे. ताईचे हात सारखे धुऊन धुऊन बर्फ व्हायचे. तसे गार हात घाबरलेल्या बाईच्या हातात कसे द्यायचे? म्हणून आधी पिशवीवर हात गरम करायचे आणि मगच तिचा हात धरायचा. नव्या पोरी सुरुवातीला खुदूखुदू हसायच्या. मग त्याही आपापल्या पिशव्या घेऊन यायला लागल्या.

आणि दुसरी गोष्ट, नातेवाईक बाहेर. सगळे. नवरा, सासू, आई, बहीण, कुणीही असो. ताई दार लावून घ्यायची आणि बाईशी थोडा वेळ बोलायची. काय बोलायची ते तिने कधी सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मी काही बोलत नाही गं. गप्प बसते. बाहेर सगळे बोलतच असतात की." एरवी मुंगीला वाट करून देणारी ही बाई त्या दारात मात्र भिंत होऊन उभी राहायची. एका सासूने तिच्या हाताला चावा घेतला होता म्हणे. ताईने दुसऱ्या हाताने दार लावलं.

मग ते गाऊनचं प्रकरण. हॉस्पिटलचे हिरवे गाऊन शिवायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही पाहिले असतील, मागून उघडे, मानेवर आणि पाठीवर नाड्या. एके दिवशी ताई एक जुना गाऊन घेऊन दुकानात आली.

"छोट्या खोलीसाठी वेगळे शिव. नाड्या पुढे हव्यात."

"पुढे? अगं, मग पुढचा पदर एकावर एक यायला हवा. कापड किती जास्त जाईल!"

"जाऊ दे."

"आणि गाठ पोटावर येईल. डॉक्टरीणबाईंना अडचण होईल."

"कुशीवर घे. पण बाईच्या स्वतःच्या हाताला लागली पाहिजे."

"कशासाठी पण?"

"मागच्या नाड्या दुसरं कुणीतरी बांधतं," ताई म्हणाली. "आणि सोडायच्या झाल्या तर कुणाला तरी हाक मारावी लागते. लाजतात गं बायका हाक मारायला. एवढी तयारी झाली, आता कसं सांगायचं म्हणून तशाच पडून राहतात."

मी कपाळावर हात मारला, पण शिवले. डाव्या कुशीवर दोन नाड्या, रुंद, न निसटणाऱ्या. ताईने एक अंगावर घालून पाहिला, स्वतः गाठ मारली, स्वतः सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. मग 'बरं झालं' म्हणाली. तिच्या तोंडून एवढी पक्की पसंती मी पहिल्यांदा ऐकली. नंतर कळलं की काही बायका खरंच नाड्या सोडून घरी गेल्या. ताईने एकीलाही 'शाबास' म्हटलं नाही, आणि ज्या राहिल्या त्यांना कधी 'अगं पण' म्हटलं नाही. जाणारीलाही चहा, राहणारीलाही चहा.

मध्यंतरी हॉस्पिटलच्या फाटकावर काही मंडळी पाट्या घेऊन उभी राहायला लागली. छोटी खोली बंद करा म्हणणारी. ताई ड्यूटी संपवून बाहेर पडली तर एका माणसाने अडवलं. "तुम्ही ते काम करता?"

"करते."

"मन खात नाही?"

"कधी कधी खातं," ताई म्हणाली.

त्या माणसाने भांडणाची पुरती तयारी केली होती, आणि समोरून हे. तो पाटी घेऊन नुसताच उभा. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कुठल्याशा वर्तमानपत्राची एक मुलगी धावत आली. "सिस्टर, इतक्या बायकांना तुम्ही मोकळं केलंत, अभिमान वाटत असेल ना?"

"कधी कधी नाही वाटत," ताई म्हणाली, आणि बसला हात केला.

दोघांनीही आपल्याला हवं तेवढंच घेतलं असणार. पण मोठ्या सिस्टर रुसल्या, डॉक्टरीणबाई रुसल्या. मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, "ताई, दोन दगडांवर पाय ठेवलास की पाण्यात पडायला होतं." ती म्हणाली, "पडलेच आहे गं. पोहतेय."

आता माझ्या मुलीकडे येते. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

माझी मुलगी शहरातली बस चालवते. हो, बस. एवढं मोठं धूड वळणावरून असं नेते की उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडायचा नाही. माझे जावई मालट्रकवर. एका घरात दोन स्टिअरिंग, त्यामुळे घर कुठे जाईल ते देव जाणे, असं मी म्हणायचे. तर माझ्या या मुलीला पहिली मुलगी झाली आणि त्यानंतर तिच्यावर काळोख आला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पोर रडली तरी कूस बदलायची नाही. कितीतरी महिने. मी डोकं फोडून घेतलं, रागावले, रडले, लाडीगोडी लावली. शेवटी ताईने तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, औषधं चालू केली, रोज ड्यूटीनंतर तिच्याजवळ जाऊन बसली. हळूहळू पोरगी भिंतीकडून आमच्याकडे वळली. ज्या दिवशी तिने पुन्हा बसची चावी हातात घेतली त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

नात बालवाडीत जायला लागली, आणि मुलीला पुन्हा दिवस गेले.

मला तिने नाही सांगितलं. मावशीला सांगितलं. मावशीने एवढंच म्हटलं, "तुझ्या आईला तू सांगणार आहेस का?" म्हणून मला कळलं, ते हे असं. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ती म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत, आणि मी छोट्या खोलीत जाणार आहे."

तुम्हाला आठवत असेल, मी टाका उसवणारी. पण माझ्या तोंडून काय निघालं? "खबरदार! जीव आहे तो!"

ताई कोपऱ्यात बसून नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मागे टाका म्हणाली होतीस."

"तू गप्प बस! ते लोकांचं होतं. हे आपलं आहे!"

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं काय म्हटलं ते. पण तोफ एकदा सुटली की गोळा परत येतो थोडाच? मी मुलीला म्हटलं, "तू फक्त जन्माला घाल. पुढचं सगळं मी करते. दुकान बंद ठेवते. या वेळी मी आहे ना!"

"आई," ती म्हणाली, "तेव्हाही तू होतीस."

तिने ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीचं रडणं मला पुन्हा ऐकू येईनासं व्हायला नकोय." जावई शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिने ठरवावं, मी तिच्याबरोबर आहे." एवढा मोठा ट्रक चालवणारा माणूस, डोळे पाण्याने भरलेले.

मला खरंच ते मूल हवं होतं हो. लपवत नाही. एकदा घरात पाळणा हलला आणि तो सगळा काळोखात गेला. ना हौस, ना मौज. मला ते सगळं पुन्हा, आणि या वेळी नीट, हवं होतं. मी मनातल्या मनात अंगडी बेतायलाही लागले होते. आणि वाटत होतं, ताई थांबवेल. मुलगी माझं ऐकणार नाही, पण मावशीचं ऐकेल. मावशीने एक शब्द टाकला तर झालं.

ताईला गाठलं. "तुला खात्री नाही ना की हे बरोबर आहे?"

"नाही."

"मग थांबव तिला! जिथे शंका आहे तिथे थांबावं माणसाने."

"मला शंका आहे," ताई म्हणाली. "दिवस तिला गेलेत."

"तुला नको आहे का घरात मूल?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "माझे हात शिवशिवतात गं," ती म्हणाली. "पण म्हणून काय तिला सांगू?" मी दार आपटून दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली.

ठरलेल्या सकाळी मीही हॉस्पिटलात गेले. जावई नातीला घेऊन घरी. व्हरांड्याच्या टोकाला बाकडं, तिथे मी मुलीला चिकटून बसले आणि बोलायला लागले. हळू आवाजात, पण न थांबता. नातीला भावंड हवं, म्हातारपणी कोण, मी औषधं वेळच्या वेळी देईन, मी हे करीन, मी ते करीन. मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीकडे! तरी मला थांबायचं सुचेना.

छोट्या खोलीचं दार उघडलं. ताई. "चल गं," तिने मुलीला म्हटलं. मी पण उठले.

"तू बाहेर."

"मी? अगं, मी तिची आई आहे!"

"नातेवाईक बाहेर."

"ताई, तू मावशी आहेस तिची! तूही नातेवाईकच!"

"आत मी नर्स आहे," ताई म्हणाली. मुलगी तिच्या हाताखालून आत गेली. पण ताईने लगेच दार लावलं नाही. मुलीला म्हणाली, "तू कपडे बदल, मी आलेच." मग बाहेर येऊन बाकड्यावर माझ्या शेजारी बसली.

"एक सांगते," ती म्हणाली. "तुला कधी सांगितलं नाही. आईला तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा घरात आधीच आम्ही तिघं होतो. आई मला घेऊन त्या बाईकडे गेली होती. गल्लीच्या टोकाला औषध देणारी होती ना, ती. औषधाने नाही झालं तर दुसरंही करायची."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"तिच्या दाराबाहेर एक बाकडं होतं. त्यावर आम्ही बसलो. आई काही बोलेना. मला तरी काय कळत होतं, मीही गप्प. बराच वेळ बसलो. मग आई उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, चल. रस्त्यात मी विचारलं, काय झालं? म्हणाली, मन झालं नाही. बस, एवढंच. मग तू झालीस."

"आई गं," मी म्हटलं.

"पुढच्याच वर्षी शेजारच्या काकू त्याच बाईकडे गेल्या. त्यांचं मन झालं होतं. पाचवं होतं, अंगात रक्ताचा थेंब नव्हता. त्या आत गेल्या. घरी आल्या त्या तापाने फणफणलेल्या, आणि गेल्या. त्यांच्या धाकट्याला मी कडेवर घेऊन फिरले आहे." ताईने हात चोळले. "कुणी म्हणालं ना, ही खोली बंद करा, की मला काकू दिसतात. आणि कुणी म्हणालं, यात काही नसतंच, की मला तू दिसतेस. एवढी मोठी, तोंड वाजवणारी. मी काय सांगू मग लोकांना?"

मग ताई म्हणाली, "पण त्या बाकड्यावर आईला कुणी जा म्हटलं नाही, आणि नको जाऊ म्हटलं नाही. एवढं एकच मला पक्कं माहीत आहे." ती उठली, आत गेली, आणि दार लोटून घेतलं.

एवढी मी, तोफ, दोन चपलांवर निभावले होते. आईने त्या सरकवल्या म्हणून मी होते, आणि काकूंनी नाही सरकवल्या म्हणून त्या वाईट होत्या असं म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मला एकदम माझ्या आईचा इतका अभिमान वाटला, आणि शेजारी गप्प बसलेल्या त्या पोरीचाही. बोलायची काहीच गरज नव्हती तिला, आणि ती नाहीच बोलली.

दार नीट लागलं नव्हतं. फटीतून थोडं दिसत होतं. माझी मुलगी खाटेच्या कडेला बसलेली, अंगात हिरवा गाऊन. माझाच. कुशीवरची शिलाई मी लांबून ओळखली. नाड्या सुट्या लोंबत होत्या. ताई स्टुलावर, मांडीवर रबरी पिशवी, त्यावर दोन्ही हात. ती बोलत नव्हती, मुलीकडे बघतही नव्हती.

मला वाटलं, एक हाक मारावी. फक्त नावाने. पोरगी हळवी आहे, माझ्या आवाजाने वितळेल. शपथेवर सांगते, हाक गळ्यापर्यंत आली होती. मी तोंडात माझ्या ओढणीचा बोळा कोंबला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं तोंड स्वतः बंद केलं, आणि सांगते तुम्हाला, बाळंतपणाच्या कळा त्यापेक्षा सोप्या.

मुलीने नाड्या हातात घेतल्या. बराच वेळ नुसत्या धरून बसली. एकदा तिने त्या खाली सोडल्या आणि मी बाकड्यावरून अर्धी उठले. मग तिने पुन्हा उचलल्या, एकीवर एक घेतली, आणि गाठ मारली. घट्ट. लहानपणी बुटाच्या नाड्या बांधायची तशी, जीभ दाताखाली धरून. मग तिने ताईकडे पाहून मान हलवली. ताईने पिशवीवरचे हात उचलले आणि तिचा हात हातात घेतला. पायाकडच्या सिस्टरने येऊन दार लावलं.

मी बाकड्यावर रडले. त्या न येणाऱ्या बाळासाठी रडले, ते मी का नाकारू? ताईही घरी येऊन रडते, हे मला तेव्हा समजलं. ती रोज संध्याकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून बसते, आणि मी बाहेरून ओरडते की पाणी वाया घालवू नको!

काम झालं. मुलीला शेजारच्या खाटेवर निजवलं आणि मला आत घेतलं. ती पांढरीफटक दिसत होती. पण तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं. ताई अजून उशाशी, त्याच स्टुलावर.

"आई, रागावलीस?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं ना, तिच्या आईकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. म्हणून तिने विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मदत करणार नाही म्हणजे नाहीच! मी उत्तर शोधलं हो. हो म्हणून पाहिलं मनात, बसेना. नाही म्हणून पाहिलं, तेही बसेना. मग जे उरलं होतं ते बोलले.

"माहीत नाही गं बाई," मी म्हटलं. "जरा सरक. मला बसू दे."

मुलीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. ती सरकली. मी खाटेवर टेकले आणि तिचा हात धरायला हात पुढे केला.

"थांब," ताई म्हणाली. तिने मांडीवरची रबरी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "आधी हात गरम कर. मग धर."